टेक्स्ट एडिटरमधे थ्रेड घातले आणि कीबोर्ड हातचा गेला

रात्रपाळी_सी
नमस्कार मंडळी. गेले तीन महिने जेवणं आवरली की रात्री स्वतःचा टेक्स्ट एडिटर लिहीत बसतोय, सी मधे, लिनक्सच्या टर्मिनलमधे चालणारा, विमसारखे मोड असलेला (इन्सर्ट मोडमधे की म्हणजे अक्षर, कमांड मोडमधे तीच की म्हणजे हुकूम), निव्वळ हौस. एकच थ्रेड (प्रोग्रॅममधला कामाचा स्वतंत्र धागा) होता तोवर गुण्यागोविंदाने चाललं होतं, मग ऑफिसातली ४०,००० ओळींची एक एसक्यूएल फाइल त्यात उघडली आणि जीव गेला त्याचा. प्रत्येक कीला आख्खी फाइल परत रंगवत होतो (कीवर्ड निळे, स्ट्रिंग हिरव्या वगैरे) त्यामुळे अक्षर दाबलं की चहाचा घोट घेऊन बघायचं उमटलं का. म्हटलं थ्रेड घालू. आता एक थ्रेड कीबोर्ड वाचतो, चार कामगार थ्रेड त्या की घेऊन बफरमधे (मेमरीत उघडलेल्या मजकुरात) बदल करतात, एक रंगारी, एक ऑटोसेव्हवाला, आणि बफरवर एक म्यूटेक्स, म्हणजे एकावेळी एकालाच आत सोडणारं लॉक.

तर रडगाणं असं की भराभर टाइप केलं की अक्षरं मागेपुढे होतात. वरचा बाण दाबला तर दहातून एकदा फाइलमधे चौकटी कंस आणि कॅपिटल ए उमटतो. मराठी टाइप केलं तर चौकोन आणि प्रश्नचिन्हं. आणि काल कहर झाला, इन्सर्ट मोडसाठी आय दाबून लगेच डीडीएल असं लिहायला गेलो तर डीडी ही कमांड समजून आख्खी ओळ उडाली, आणि एल पण कमांडच समजून कर्सर पुढे सरकला. सगळीकडे लॉक लावलेत हो, दोनदा तपासले. चुकतंय कुठे?

कटिंगचहा
विम वापरा की राव. फुकट मिळतो.
(गंमत केली, धाग्यावर बसून आहे, मलाही हे शिकायचंय)

एकसूत्री
माझं नाव बघूनच कळलं असेल मी काय बोलणार. बिल जॉयने व्हीआय (विमचा पूर्वज) १९७६ मधे लिहिला तो एका थ्रेडवर, अजून लोक त्याच धर्तीवर जगतायत. विममधे मागे चालणारी जॉब नि चॅनल आली ती २०१६ ला, आठव्या आवृत्तीत, आणि तेव्हाही बफरला हात लावणारा एकच राहिला. कीबोर्डवर माणूस सेकंदाला किती की दाबेल? मिनिटाला शंभर शब्द धरले तरी आठ-नऊ. दोन कींमधे शंभरेक मिलिसेकंद मोकळे असतात, तेवढ्यात आपला प्रोसेसर लग्न लावून येईल. पोल (कीबोर्डवर काही आलंय का हे विचारणारा सिस्टिम कॉल) वापरा, की आली तर की घ्या, नाही आली तर थोडं रंगकाम करा, तीन मिलिसेकंदांनी परत बघा की आली का. संपलं. चार कामगार कशाला, एका अक्षराला खांदा द्यायला?

रात्रपाळी_सी
पटतंय थोडं पण थ्रेड शिकायचे म्हणून तर हा उद्योग काढलाय. आणि पुढे लँग्वेज सर्व्हर (कोडमधल्या चुका दाखवणारा, शब्द सुचवणारा वेगळा प्रोग्रॅम) जोडायचा विचार आहे. थ्रेड ठेवून काय करता येईल ते सांगा ना.

जुनं_टर्मिनल
ठेवा थ्रेड, काही बिघडत नाही. पण आधी तुमचा म्यूटेक्सबद्दलचा गैरसमज काढू.

एसटी फलाटाला लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकतात. रुमाल पडला की त्या जागेवर दुसरा बसत नाही, एवढीच हमी. फलाटावर आधी कोण आलं होतं याच्याशी रुमालाला देणंघेणं नाही. म्यूटेक्स म्हणजे तो रुमाल. एकावेळी एकच कामगार बफरमधे शिरेल हे तो बघतो, पण सी आणि ई या दोन की दोन वेगळ्या कामगारांनी उचलल्या तर कोणाचा रुमाल आधी पडेल ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या मर्जीवर. तुमचे लॉक बरोबरच आहेत, फक्त क्रम सांभाळणं हे लॉकचं कामच नाही. त्याला रांग लागते, आणि रांगेच्या पुढे एकच खिडकी. चार खिडक्या उघडल्या की झाली परत एसटी.

म्हणून कामगार काढून टाका. कीबोर्डवाला थ्रेड फक्त वाचेल आणि क्यूमधे टाकेल. बफरचा मालक एकच थ्रेड, तो क्यूमधून एकेक उचलेल आणि बदल करेल. रंगारी, ऑटोसेव्ह, उद्या येणारा लँग्वेज सर्व्हर, सगळ्यांनी त्या मालकाला चिठ्ठी पाठवायची, थेट बफरला हात लावायचा नाही. गंमत म्हणजे असं केलं की बफरवरचा म्यूटेक्सच लागत नाही, लॉक फक्त क्यूला, तोही क्षणभर.

तुमची डीडीची भानगड मला वाटतं वेगळी आहे. कीबोर्डवाला थ्रेड की क्यूमधे टाकण्याआधी मोड बघतो का? म्हणजे "ही इन्सर्टची की" "ही कमांडची की" असा शिक्का मारतो का?

रात्रपाळी_सी
हो!! मारतो. म्हटलं तेवढंच काम वाटलं जाईल.

जुनं_टर्मिनल
तिथेच मेख आहे. तुम्ही आय दाबलं, ते क्यूमधे पडून आहे, मालकाने अजून उचललेलंच नाही, म्हणजे मोड अजून कमांडचाच. तेवढ्यात डी आला, वाचणाऱ्याने मोड बघितला, कमांड, मारला शिक्का. दुसरा डी, तोच शिक्का, एलला पण तोच. मग मालकाने सावकाश आय उचलला, इन्सर्टमधे गेला, आणि पुढच्या कीवर शिक्का बघतो तर कमांड. ओळ उडणारच.

कीचा अर्थ ती दाबली तेव्हा लावायचा नाही, तिच्या आधीच्या सगळ्या की पचल्यावर लावायचा. वाचणाऱ्याने फक्त "डी आला" एवढंच सांगावं, डीचं काय करायचं ते मालक ठरवेल. पोस्टमनने पत्र उघडून वाचायचं नसतं.

सोलापुरी_चादर
यात अजून एक येतं बघा, ऑटोकम्प्लीटची यादी. मी टाइप करतोय, यादी मागून उशिरा येतेय, मी नव्या ओळीसाठी एंटर दाबायला आणि यादी उघडायला एकच गाठ पडते आणि भलताच शब्द बसतो. आमच्या ऑफिसात एकाने यावर उपाय काढला होता की यादी पडद्यावर खरोखर रंगवून झाल्याशिवाय एंटर तिच्याकडे द्यायचाच नाही. म्हणजे माणसाला दिसलीच नाही ती यादी त्याच्या दृष्टीने उघडलेली नाही. तांत्रिक कमी आणि माणुसकीचा जास्त नियम आहे हा पण मला फार आवडला.

रात्रपाळी_सी
रात्री दीडपर्यंत बसून कामगार काढले, शिक्का काढला. अक्षरांचा क्रम बरोबर झाला, डीडी पण गेलं. जुनं_टर्मिनल काका, पाया पडतो. पण वरचा बाण अजून मधूनच तसाच कंस ए टाकतो. कमी झालंय, आता पन्नासात एकदा. आणि नेमकं ऑटोसेव्हच्या वेळेला होतं असं वाटतंय पण माझा भ्रमही असेल.

जुनं_टर्मिनल
काका म्हणालात, चालेल, केस पिकलेतच.

बाण म्हणजे एक की असली तरी टर्मिनल तीन बाइट पाठवतं, २७, ९१, ६५. सत्तावीस म्हणजे एस्केप, एक्क्याण्णव चौकटी कंस, पासष्ट कॅपिटल ए. तुमच्या फाइलमधे ९१ आणि ६५ पोचतायत म्हणजे २७ वाटेत कोणीतरी खाल्ला. आधी कामगार वाटून खात होते, ते गेले. आता कोण? कोडमधे रीड हा शब्द शोधा, कीबोर्डवरून वाचणाऱ्या किती जागा आहेत मोजा, आणि प्रत्येक जागी वाचलेला बाइट आणि थ्रेडचा नंबर एका लॉग फाइलमधे लिहा. पडद्यावर छापू नका, पडदा आधीच एडिटरकडे आहे.

रात्रपाळी_सी
एकच जागा आहे, कीबोर्डवाला थ्रेड.

रात्रपाळी_सी
थांबा.

रात्रपाळी_सी
दोन आहेत. 🤦 ऑटोसेव्हवाल्याला डिस्कवरची फाइल बदललेली दिसली की तो खालच्या ओळीत "ओव्हरराइट करू का, वाय की एन" विचारतो, आणि उत्तर तो स्वतःच रीड करून घेतो. ते मी पहिल्या आठवड्यात लिहिलेलं, विसरूनच गेलेलो. लॉग असा आलाय: थ्रेड ४ ला २७, थ्रेड २ ला ९१, थ्रेड २ ला ६५. थ्रेड ४ म्हणजे ऑटोसेव्ह. त्याला वाय हवा होता, मिळाला एस्केप, तो "नाही" समजून गप्प बसला, आणि उरलेला बाण माझ्या फाइलमधे. माझ्या घरच्या मशीनवर ती फाइल सिंक होणाऱ्या फोल्डरमधे आहे म्हणून ती सारखी "बदललेली" दिसत होती. आणि खालच्या ओळीवर मालक लगेच स्टेटस रंगवायचा म्हणून प्रश्न मला कधी दिसलाच नाही!

कटिंगचहा
हे वाचून चहा सांडला

जुनं_टर्मिनल
एका फाइल डिस्क्रिप्टरवर, म्हणजे इथे कीबोर्डच्या एकाच वाटेवर, दोघे वाचायला बसले की बाइट ज्याच्या हाती लागेल त्याचे. कर्नल त्यात काही न्याय करत नाही. प्रश्न विचारायचा असेल तर ऑटोसेव्हने मालकाला चिठ्ठी टाकावी, मालक "प्रश्न" नावाच्या मोडमधे जाईल, पुढची की त्याच क्यूमधून येईल.

आणि कोणी हे एनकर्सेसवर (टर्मिनलचा पडदा रंगवायची लायब्ररी) करत असेल तर अजून एक खड्डा सांगून ठेवतो. तिथलं गेट-सीएच फक्त वाचत नाही, विंडोमधे न दाखवलेले बदल असतील तर आधी ती रिफ्रेश करतं आणि मग कीची वाट बघतं. म्हणजे तुम्हाला वाटतं एक थ्रेड वाचतोय आणि दुसरा रंगवतोय, प्रत्यक्षात दोघेही रंगवतायत. कर्सर भुतासारखा उड्या मारतो आणि माणूस रंगाच्या कोडमधे चूक शोधत बसतो. मी बसलोय, दोन दिवस.

वेलांटी
मराठीचं कोणी बोललंच नाही म्हणून येते. रात्रपाळी, तुम्ही बाइट वाचून प्रत्येक बाइटचा एक इव्हेंट करताय ना? देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मधे (अक्षरं बाइटमधे लिहायची पद्धत) तीन बाइट घेतं. क म्हणजे २२४, १६४, १४९. ळ म्हणजे २२४, १६४, १७९. हे तीन एकत्र जोडून मगच इव्हेंट करायचा. आणि एका रीडमधे तिन्ही येतीलच अशी आशा धरू नका. तुमचा बफर ६४ बाइटचा असेल, कोणी फोनेटिक कीबोर्डने किंवा पेस्ट करून वाक्य घातलं, तर चौसष्टावा बाइट एखाद्या अक्षराचा अर्धवट तुकडा असू शकतो, कारण ६४ ला तीनने भाग जात नाही. उरलेला तुकडा पुढच्या रीडपर्यंत जपून ठेवावा लागतो, तो जपायची जागा वाचणाऱ्या थ्रेडपाशी. एक बरं आहे, यूटीएफ-८ च्या या तुकड्यांत २७ कधीच येत नाही, त्यामुळे एस्केपशी गोंधळ होत नाही.

मग बॅकस्पेस. "क्षि" हे एक अक्षर दिसतं, आत चार कोड पॉइंट (युनिकोडची सुटी चिन्हं) आहेत, क, हलन्त, ष, वेलांटी, मिळून १२ बाइट. बॅकस्पेसने एक कोड पॉइंट काढला तर फक्त वेलांटी जाते, आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डवाल्यांना तेच हवं असतं, चुकलेली मात्रा तेवढी काढता येते. पण बाण मारला तर मात्र आख्खं क्षि ओलांडून जावं. जोडाक्षर एक धरायचा नियम युनिकोडने १५.१ आवृत्तीत घातला, २०२३ मधे, त्याआधीच्या लायब्ररी क् आणि षि असे दोन तुकडे करतात. त्यामुळे लायब्ररीची आवृत्ती बघा. हे सगळं मालक थ्रेडचं काम, वाचणाऱ्याचं नाही.

रात्रपाळी_सी
वेलांटी ताई, ६४ बाइटचाच आहे बफर 😅 तुम्हाला कसं कळलं

वेलांटी
सगळ्यांचा ६४ चाच असतो.

सोलापुरी_चादर
एस्केपवरून आठवलं, एकटा एस्केप दाबला तर काय? तोही २७, बाणाचाही पहिला बाइट २७, ऑल्ट धरून की दाबली तरी आधी २७. वाचणाऱ्याला थोडं थांबून बघावं लागतं की मागून काही येतंय का. एनकर्सेस मुळात १००० मिलिसेकंद थांबतं, म्हणूनच काही प्रोग्रॅममधे एस्केप दाबल्यावर एक सेकंद काहीच होत नाही. टीमक्सच्या (एका टर्मिनलमधे अनेक टर्मिनल चालवणारा प्रोग्रॅम) जुन्या आवृत्त्या ५०० थांबायच्या. मी २५ ठेवलेत. एकदा १० केले होते तर घरी छान, पण लांबच्या सर्व्हरवर एसएसएचने गेलो की नेटवर्क तीन बाइट वेगवेगळे आणून द्यायचं आणि परत कंस ए.

आणि ब्रॅकेटेड पेस्ट चालू करा. मग टर्मिनल पेस्टच्या आधी नि नंतर खुणेचे बाइट पाठवतं, तुम्हाला कळतं की हे टाइप केलेलं नाही. नाहीतर कमांड मोडमधे चुकून कोणी परिच्छेद पेस्ट केला की त्यातली अक्षरं कमांड म्हणून चालतात, पुढचं विचारू नका.

खिडकीवाला
मी विंडोजवर काम करतो, तिथे हा वाद होतच नाही कारण निवड नसते. ज्या थ्रेडने विंडो बनवली त्याच्याच क्यूमधे कीचे मेसेज येतात, दुसऱ्या थ्रेडने कितीही हात पसरले तरी मिळणार नाहीत. जावा स्विंगमधेही सगळं एका इव्हेंट थ्रेडवर. म्हणजे तुम्ही इथे जे घाम गाळून शोधलंत ते ग्राफिकल टूलकिटवाल्यांनी आधीच सक्तीचं करून ठेवलंय. आमच्याकडची पापं वेगळी, त्या एका थ्रेडवर कोणीतरी नेटवर्क कॉल करून बसतं आणि खिडकी "प्रतिसाद देत नाही" म्हणते.

रात्रपाळी_सी
मराठी झालं!! मुलीचं नाव टाइप केलं, मग पूर्ण एक अभंग, एकही चौकोन नाही.

आता दोन नवी दुखणी. क्विट कमांड दिली की एडिटर बंद होत नाही, अजून एखादी की दाबली की मग होतो. आणि टर्मिनलची खिडकी लहानमोठी केली की कधीकधी कायमचा गोठतो.

जुनं_टर्मिनल
पहिलं सोपं. वाचणारा थ्रेड रीडमधे झोपलाय, मालक जॉइन करून त्याची वाट बघतोय, आणि त्याला जागं करायला की लागते. तुम्ही ती दाबता तेव्हा दोघांची सुटका होते. एक पाइप तयार करा, म्हणजे एका टोकाला बाइट टाकला की दुसऱ्या टोकाला वाचता येतो अशी नळी. वाचणाऱ्याने सरळ रीड न करता पोलने दोन्हीकडे कान द्यायचे, कीबोर्ड आणि पाइप. बंद करायचं असलं की मालक पाइपमधे एक बाइट टाकेल, तो उठेल आणि बाहेर पडेल. काही लोक थ्रेड कॅन्सल करतात, मी नाही करत, लॉक हातात असताना मेला तर तो लॉक कोण सोडवणार?

दुसरं, खिडकीचा आकार बदलला की सिगविंच सिग्नल येतो. हँडलरमधे (सिग्नल आला की चालणारं फंक्शन) तुम्ही क्यूचा म्यूटेक्स घेताय, बरोबर? बहुथ्रेडी प्रोग्रॅममधे तो सिग्नल, ज्यांनी ब्लॉक केलेला नाही त्यातल्या कुठल्याही थ्रेडच्या माथी पडतो. ज्याच्या हातात आधीच तो म्यूटेक्स आहे त्याच्यावर पडला, तर तो स्वतःचीच वाट बघत बसतो. हँडलरमधे मॅलॉक नाही, प्रिंटएफ नाही, म्यूटेक्स नाही. राइट चालतं, म्हणून तिथूनही त्याच पाइपमधे एक बाइट टाका आणि निघा. वेगवेगळी अक्षरं ठेवा, आकारासाठी एक, बंद करण्यासाठी एक.

एकसूत्री
म्हणजे शेवटी पोल आलाच ना. मी सुरुवातीलाच सांगितलेलं 😌

जुनं_टर्मिनल
आला. खरं सांगायचं तर कीबोर्डसाठी वेगळा थ्रेड नसला तरी चालतं, मालकानेच पोल केलं तरी तेच. थ्रेडची खरी गरज रंगाऱ्याला आहे.

एकसूत्री
रंगाऱ्याचंही सांगतो, आता माघार घेतोच आहे अर्धी तर. त्याला बफर देऊ नका, त्याची प्रत द्या, आवृत्ती नंबरसकट. प्रत्येक बदलाला नंबर वाढवायचा. रंगारी ८१२ ची प्रत घेऊन बसला, तुम्ही तोवर ८१५ वर गेलात, तर तो आणेल ते रंग तसेच लावायचे नाहीत, फेकायचे किंवा बदललेल्या ओळीच्या वरचेच घ्यायचे. तुमची फाइल दोन-तीन एमबी असेल, एवढी कॉपी मिलिसेकंदाच्या आसपास होते, पण प्रत्येक कीला करू नका, क्यू रिकामी झाली की एकदा. पडदाही तसाच, क्यूतल्या सगळ्या की संपवा मग एकदा रंगवा, नाहीतर पेस्ट केलं की हजार वेळा पडदा.

आणि मुळात आख्खी फाइल रंगवूच नका. बदललेल्या ओळीपासून सुरू करा, ओळीच्या शेवटी "स्ट्रिंगच्या आत, कॉमेंटच्या आत की बाहेर" ही अवस्था साठवलेली असते, ती आधीसारखीच निघाली की थांबा. बहुतेक वेळा एका ओळीत काम संपतं.

ज्यांना जास्त वाटणी करायची हौस आहे त्यांनी झाय एडिटर बघावा, एक्स-आय असं लिहितात. गूगलमधल्या राफ लेव्हिनने २०१६ मधे सुरू केला, गाभा एका प्रोसेसमधे आणि पडदा दुसऱ्या, सगळं असिंक्रोनस. २०२० मधे त्यानेच लिहिलं की ती प्रोसेसची फाळणी चांगली कल्पना नव्हती. त्यातला रोप (मजकूर तुकड्यांच्या झाडात ठेवायची रचना) मात्र झकास आहे, तशा रचनेत प्रत जवळजवळ फुकट मिळते.

रात्रपाळी_सी
एका ओळीत काम संपतं हे आधी कळलं असतं तर थ्रेड घातलेच नसते 😭 असो. आता ती ४०,००० ओळींची फाइल उघडून टाइप केलं तर अक्षर बोटाखालीच उमटतं, रंग क्षणभर मागून येतो. गोठणं बंद, क्विट एका फटक्यात. ऑटोसेव्हचा प्रश्नही आता दिसतो, काल खरंच विचारलंन आणि मी दचकलोच.

एकच राहिलंय. एडिटरमधून गिट कमिट चालवतो तेव्हा तो दुसरा एडिटर उघडतो, आणि त्यात मी दाबलेली पहिली की गायब होते. दर वेळी फक्त पहिली.

जुनं_टर्मिनल
तुमचा वाचणारा अजून खुर्ची अडवून बसलाय. बाहेरचा प्रोग्रॅम सुरू करायच्या आधी पाइपमधून त्याला "थांब" पाठवा, त्याने "थांबलो" असं उत्तर दिल्यावरच पुढे जा, नुसता बाइट टाकून पळू नका. टर्मिनल रॉ मोडमधून (प्रत्येक बाइट जसाच्या तसा लगेच मिळतो तो) मूळ सेटिंगवर न्या, तो प्रोग्रॅम संपला की परत रॉ, मग वाचणाऱ्याला उठवा. तुमच्या त्या क्रमात कुठे क्रॅश झालं तर शेलमधे टाइप केलेलं दिसेनासं होतं, घाबरू नका, न दिसता एसटीटीवाय सेन लिहून एंटर मारा. एंटर चाललं नाही तर त्याऐवजी कंट्रोल जे.

रात्रपाळी_सी
झालं. पहिली की मिळाली. वाटेत चार वेळा आंधळं एसटीटीवाय सेन लिहिलं, तीन वेळा त्यातही स्पेलिंग चुकलं.

कटिंगचहा
लिंक द्या, मी वापरून बघतो. बाण दाबणार नाही.